यंत्राने ‘संशयित’ म्हटल्यानंतर

नाशिक

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या एमडीच्या थिसिसच्या सिनॉप्सिसचा, म्हणजे आराखड्याचा, कच्चा मसुदा सावकाश वाचला. सुरगाण्याच्या पाड्यांवर हातात धरता येणारं एक्स-रे यंत्र न्यायचं, छातीचे फोटो सॉफ्टवेअरला दाखवायचे आणि ते टीबी किती अचूक ओळखतं हे तपासायचं, असा तुझा बेत आहे. विषय मला मनापासून आवडला. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाकडे जाण्याआधी तू तो मला दाखवलास, याचंही बरं वाटलं. म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

विषय हाच ठेव, प्रश्न बदल. ‘यंत्र किती अचूक आहे?’ हा प्रश्न दुय्यम कर. ‘यंत्राने संशयित म्हटलेल्या माणसाचं पुढे काय झालं?’ हा मुख्य प्रश्न कर.

अचूकतेवर बरंच काम होऊन गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्येच पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. त्याच वर्षी ढाक्यातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ २४,००० लोकांचे एक्स-रे पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना दाखवले होते आणि पाचही तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरली. पण त्यातली एक गोष्ट तू मसुद्यात कुठेच घेतलेली नाहीस. वयस्कर लोकांमध्ये आणि ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय त्यांच्यामध्ये या पाचही सॉफ्टवेअरची कामगिरी घसरली. फुप्फुसावरचा जुना व्रण आणि आजचा रोग यांत त्यांची गल्लत होते. पाड्यांवर दुपारी जी म्हातारी माणसं तुला घरी सापडतील, त्यांच्यात जुना टीबी झालेले असणारच. तुझ्या फॉर्ममध्ये ‘पूर्वी टीबीचे औषध घेतले होते का?’ हा प्रश्न नाही. तो आधी घाल.

आता थोडं गणित करू. पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पहिल्या वर्षाला तू ते शिकली आहेस, पण मसुद्यात ते उतरलेलं नाही. समज, सॉफ्टवेअरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती पकडतं, ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे रोग नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर ‘ठीक’ म्हणतं, तीही ९० टक्के. छातीच्या वॉर्डात तपासलेल्या १००० जणांपैकी ३०० जणांना खरंच टीबी आहे. यंत्र त्यातले २७० पकडेल आणि टीबी नसलेल्या ७०० पैकी ७० जणांवर चुकीचा शिक्का मारेल. म्हणजे संशयित ठरलेल्या पाचांपैकी जवळजवळ चौघांना रोग असेल. हेच यंत्र तू पाड्यावर नेलंस आणि १००० जणांत १० रुग्ण असले, तर ते ९ पकडेल आणि निरोगी ९९० पैकी ९९ जणांनाही संशयित म्हणेल. एकूण १०८ संशयित, रोग फक्त ९ जणांना. बारांतले अकरा जण विनाकारण घाबरणार. यंत्र तेच, टक्केवारी तीच, बदललं ते फक्त गाव.

त्या अकरा जणांचा विचार तुझ्या संशोधनात कुठे आहे? त्यांना थुंकीचा नमुना द्यायला ग्रामीण रुग्णालयात यावं लागेल. त्या दिवसाची मजुरी बुडेल. एसटी नसली तर जीप, आणि जीप भरल्याशिवाय निघत नाही. घरात कुजबुज सुरू होईल. नव्या सुनेला संशयित म्हटलं की माहेरी पाठवण्याची भाषा होते, हे मी ऐकलेलं आहे. हे सगळं मोजता येतं. किती रुपये गेले, किती दिवस गेले, निकाल कळेपर्यंत किती वाट पाहावी लागली, शेवटपर्यंत किती जण पोहोचले. माझ्या मते तुझ्या थिसिसचा गाभा हा असावा.

सॉफ्टवेअर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही, गुण देतं, हेही पक्कं समजून घे. किती गुणांच्या वर संशयित म्हणायचं ती रेषा माणसं आखतात. रेषा खाली आणली तर रुग्ण सुटणार नाहीत, पण ट्रूनॅटच्या, म्हणजे थुंकीतून टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्राच्या, तपासणी-चिप्स महिनाअखेरीआधी संपतील. वर नेली तर चिप्स उरतील आणि रुग्ण घरीच खोकत राहतील. कंपनीने दिलेली रेषा सुरगाण्याला लागू पडेलच असं नाही. ती ठिकाणानुसार ठरवावी लागते. ती कुणी ठरवली, कशाच्या आधारावर ठरवली आणि अभ्यास चालू असताना बदलली का, हे सगळं लिहून ठेव. सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरलीस तेही नोंदव आणि मधेच अपडेट होऊ देऊ नकोस, नाहीतर अर्धा अभ्यास एका यंत्राचा आणि अर्धा दुसऱ्याचा होईल.

तुझ्या आराखड्यात एक मोठं भगदाड आहे. यंत्राने संशयित म्हटलेल्यांचीच थुंकी तू तपासणार आहेस. मग यंत्राने ज्यांना ‘ठीक’ म्हटलं त्यांच्यातले किती रुग्ण सुटले, हे तुला कधीच कळणार नाही. तरीही मसुद्यात तू सेन्सिटिव्हिटी काढणार असं लिहिलंस. ती अशी निघत नाही. ‘ठीक’ ठरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवड आणि त्यांचीही ट्रूनॅट कर. खर्च वाढेल, नमुन्याचा आकार पुन्हा काढावा लागेल, गाइड कुरकुरतील. तरी हे सोडू नकोस. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाचा गुण कितीही कमी येवो, त्याची थुंकी तपासलीच पाहिजे. अभ्यासासाठी कुणाचं निदान लांबणार असेल तर तो अभ्यास करायचाच नाही.

कोविडच्या काळात एक्स-रे आणि सीटीवरून निदान करणाऱ्या मॉडेल्सचा पूर आला होता, तुला आठवत असेल. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी त्यांचा आढावा घेतला. २,००० हून अधिक शोधनिबंध चाळून त्यांनी ६२ निवडले आणि त्यांतलं एकही मॉडेल रुग्णासाठी वापरण्याजोगं निघालं नाही. काहींनी कोविड नसलेल्यांचे फोटो म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे वापरले होते. मॉडेल मोठी छाती आणि लहान छाती ओळखायला शिकलं आणि लेखकांना वाटलं, कोविड ओळखतंय. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात न्यूमोनियाचं मॉडेल फोटोवरून तो कोणत्या रुग्णालयाचा आहे हे ओळखत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त येत, त्यामुळे रुग्णालय ओळखलं की अंदाज बरोबर यायचा. दुसऱ्या ठिकाणी नेल्यावर गुण घसरले. तुझ्या बाबतीत पाड्यांवरचे फोटो एका यंत्राने आणि रुग्णालयातले दुसऱ्याने काढलेले असतील, तर हाच धोका आहे. दोन्ही गट एकत्र करून एकच आकडा देऊ नकोस.

थायलंडचं उदाहरण मात्र मला सगळ्यांत जवळचं वाटतं. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारी गूगलची प्रणाली तिथल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिली. २०१६ मध्ये याच तंत्राचे निकाल इतके चांगले आले होते की जगभर चर्चा झाली. प्रत्यक्ष दवाखान्यात, पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो प्रणालीने नाकारले. खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट रखडत होतं. फोटो नाकारला की रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडे जा म्हणून सांगावं लागे. तेव्हा काही परिचारिकाच रुग्णांना या अभ्यासात न येण्याचं सुचवू लागल्या, उगाच हेलपाटा नको म्हणून. मला त्या परिचारिकांचं पटतं. आपल्या आशा ताई नेमकं हेच करतील. म्हणून तुझ्या अभ्यासात आशा ताईंच्या मुलाखती हव्यात आणि त्या आराखडा पक्का होण्याआधी हव्यात. कोणत्या वेळी बायका घरी असतात, बाजार कोणत्या वारी भरतो, नमुना नेणारा माणूस कुठल्या दिवशी येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

त्या तुला आणखी एक गोष्ट सांगतील. भाताची कापणी आटोपली की सुरगाणा आणि पेठची बरीच तरणी माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला निघतात. तू डिसेंबरात एक्स-रे काढलास आणि जानेवारीत निकाल घेऊन गेलीस तर घराला कुलूप. मसुद्यात तू अशांना ‘लॉस्ट टू फॉलोअप’ लिहून गाळणार आहेस. गाळू नकोस. बागेत, दहा-बारा जणांच्या खोपीत खोकणारा माणूस हाच या आजाराचा पुढचा प्रवास आहे. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर रुग्णाची बदली दुसऱ्या तालुक्याकडे करता येते, पण त्यासाठी आधी त्याचं नाव तिथे चढलेलं लागतं. संशयित ठरला आणि नाव चढण्याआधीच गाव सोडून गेला, त्याला शोधणं तुझ्याच यादीवर अवलंबून राहील. दिंडोरीच्या टीबी पर्यवेक्षकांना सुरुवातीलाच सोबत घे.

गोपनीयतेचा परिच्छेद तू कुठून तरी उचललेला दिसतो. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असं शहरात चालून जाईल. चाळीस घरांच्या पाड्यात ‘स्त्री, वय २३, अमुक पाडा, संशयित’ एवढं लिहिलं की अख्ख्या पाड्याला कळतं ती कोण. वय गटात दे, पाड्याऐवजी आरोग्य केंद्राचं नाव दे. एक्स-रेवर कोपऱ्यात छापलेलं नाव पुसल्याशिवाय फोटो कुठेही पाठवू नकोस, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. रुग्णाची माहिती चॅटबॉटमध्ये टाकून त्याच्याकडून सारांश करून घेण्याचा मोहही टाळ. आणि संदर्भ त्याच्याकडून घेतलेस तर प्रत्येक निबंध स्वतः उघडून वाच, कारण नसलेले निबंधही तो खऱ्यासारखे सांगतो.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी ती पूर्ण वाच. संमतीपत्र मराठीत आहे, ते ठीक. पण ते वाचून दाखवताना कोकणा बोलणारं कुणी सोबत असू दे, आणि फोटो यंत्र तपासणार आहे, ते चुकू शकतं, हे स्पष्ट सांगितलं जाऊ दे. कंपनी सॉफ्टवेअर फुकट देत असेल तर बदल्यात तिला फोटो मिळणार आहेत का, ते कुठे साठवले जातील, हे लेखी माग. या मुद्द्यावर भीड ठेवू नकोस.

२०२७ च्या सिंहस्थात काहीतरी करावं असं तू शेवटी लिहिलं आहेस. कुंभासाठी नाशकात २०१५ च्या आधीही तंत्रज्ञानाची शिबिरं झाली, हुशार पोरं आली, त्यांतलं काही काम चांगलंही होतं. पण गर्दीतला माणूस पुन्हा भेटत नाही आणि तुझा प्रश्न तर पुन्हा भेटण्याचाच आहे. तू सुरगाण्यातच राहा.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला जा आणि मागच्या वर्षीच्या शिबिरांची रेफरलची नोंदवही मागून घे. किती जणांना पुढे पाठवलं आणि किती जणांपुढे निकाल लिहिलाय, एवढंच मोजून आण. रिकामे रकाने किती आहेत त्यावरून नमुन्याचा आकार ठरवू. गुरुवारी दुपारनंतर मी घरीच असते. येताना लॅपटॉप आण.

तुझी,
मॅडम