हिमालय प्लेट्सच्या धडकेने झाला, मग आपला सह्याद्री कुणाच्या धडकेने झाला?

तुम्ही विचारलंय की शाळेत शिकवतात दोन प्लेट्स, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे अवाढव्य तुकडे, धडकल्या आणि हिमालय वर आला, मग सह्याद्रीला कुणी धडक दिली, आणि या प्लेट्स अजूनही सरकतायत तर आपल्याला पायाखाली काहीच कळत का नाही. दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत म्हणून एकत्रच लिहितो. मी जिऑलॉजी शिकलोय आणि बरीच वर्षं विहिरी-बोअरच्या जागा बघायचं काम करतो, दगड हा रोजचाच विषय आहे, त्यामुळे जरा लांबेल.

सह्याद्रीला कुणीच धडकलेलं नाही. हिमालय हा धडकेचा डोंगर आहे आणि सह्याद्री ही फाटल्याची कड आहे. एकाच प्लेटचं पश्चिमेचं टोक फाटलं, उत्तरेचं टोक जाऊन आदळलं, आणि आपण सगळे या दोन टोकांच्या मधे राहतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो पुस्तकातल्या चित्रांमुळेच होतो. प्लेट्स लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगत नाहीत. खालचा थर घट्ट दगडच आहे, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशोबात तो वाहतो. रस्त्याच्या कामावर डांबराची पिंपं पडलेली असतात ना, थंडीत त्यावर हातोडा मारला तर काचेसारखे तुकडे उडतात, म्हणजे डांबर घट्टच झालं की, पण तेच फुटकं पिंप उन्हात आडवं पडून राहिलं तर काही दिवसांनी डांबर बाहेर ओघळून पसरलेलं दिसतं. खालच्या दगडाचं तसंच आहे, घाई केली तर तुटतो आणि सावकाश दाबलं तर सरकतो. त्याच्यावर साधारण शंभर किलोमीटर जाडीच्या, कुठे कमी कुठे जास्त, थंड आणि कडक प्लेट्स आहेत.

आता त्या सरकतात कशाने? समुद्राच्या तळाचा खडक जुना होत जातो तसा थंड आणि जड होतो आणि शेवटी दुसऱ्या प्लेटखाली बुडायला लागतो. विहिरीच्या काठावर ओली साडी ठेवली आणि पदर आत लोंबला की त्या वजनाने उरलेली साडी पण हळूहळू आत घसरते, अगदी तसंच बुडणारं टोक मागची अख्खी प्लेट ओढत नेतं. भारताच्या उत्तरेला पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली बुडत गेला आणि त्यामागून भारत ओढला गेला, एका काळात तर वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, प्लेटच्या मानाने ही भयानक स्पीड आहे. धडक झाल्यावर वेग उतरला, आता आशियाच्या तुलनेत वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे १६७४ ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हापासून आजपर्यंत रायगड सतराएक मीटर उत्तरेकडे गेलाय, एसटीच्या दीड गाडीएवढा.

हा भारत आधी दक्षिणेत गोंडवनाचा भाग होता, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका सगळे एकत्र. नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलंय, हे सांगताना मला दरवेळी बरं वाटतं. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा, त्यात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात, आणि तीच पानं अंटार्क्टिकाच्या दगडातही मिळाली आहेत.

आता हिमालय. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा तळ संपत आला आणि भारताची जमीनच आशियाला जाऊन भिडली. जमिनीचा खडक हलका असतो, तो समुद्राच्या तळासारखा सहज बुडत नाही, मग चुरगळतो, एकावर एक चढतो. त्या चुरगळण्यात समुद्रात साचलेला गाळ पण वर गेला. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा दगड चुनखडीचा आहे, त्यात समुद्री जीवांचे अवशेष आहेत.

पण त्यासाठी एव्हरेस्टवर जायची गरज नाही, बऱ्याच मराठी घरांच्या देवघरात हा पुरावा आहे. शाळिग्राम. आमच्या घरी आजीकडे होता, मुठीत मावेल एवढा, काळा गुळगुळीत, एका बाजूला फुटल्यासारखं तोंड आणि आत चक्र. एकादशीला त्यावर तुळस असायची. मी कॉलेजात सेकंड इयरला असताना सुट्टीत घरी आलो, आजीला विचारून तो उजेडात धरला आणि पहिल्यांदा नीट बघितलं, आत गोल फिरत गेलेला शंख आणि त्यावर बारीक बारीक कंगोरे, एकसारख्या अंतरावर. ॲमोनाइट. टेथिस समुद्रात राहणारा, माकुल-म्हाकूलच्या लांबच्या नात्यातला प्राणी, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा. तो मेला, चिखलात रुतला, चिखलाचा दगड झाला, आणि मग आपली प्लेट आदळली तेव्हा तो अख्खा समुद्रतळ वर उचलला गेला, आता नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काली गंडकी तो डोंगर कापते आणि दगड खाली वाहून आणते. मी हे सगळं आजीला सांगितलं, मनात धाकधूक होती की तिला वाईट वाटेल, तर ती म्हणाली, "विष्णू समुद्रातच तर निजतो रे, मग तिथूनच येणार की." तो शाळिग्राम अजून आमच्या देवघरात आहे आणि मी आजही त्याला दोन्ही अर्थांनी नमस्कार करतो.

आता तुमचा खरा प्रश्न, सह्याद्री.

भारत उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याच्या पश्चिम अंगाला मादागास्कर चिकटलेलं होतं, ते ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी तुटलं. मग साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच होता, तेव्हा तो एका हॉटस्पॉटवरून गेला, म्हणजे खोलवरून खूप तापलेला दगड वर येतो अशी जागा. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा आला. इथे अजून एक गैरसमज, लोक मला विचारतात सह्याद्रीतला ज्वालामुखी कुठे, त्याचं तोंड कुठे, महाबळेश्वर आहे का. तसा शंकूसारखा एक डोंगर नव्हता. भेगांमधून पातळ लाव्हा येऊन पसरत जायचा, थिजायचा, मग काही काळाने त्याच्यावर पुढचा. आज उरलेलंच क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि याच लाव्ह्याचे थर पार आंध्रात राजमहेंद्रीजवळ सापडतात. पश्चिमेला जाडी जास्त, पूर्वेकडे कमी कमी होत जाते. कोयनेला खोल बोअर घेतलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बसाल्ट, म्हणजे हाच थिजलेला लाव्हा, लागला आणि मग खाली ग्रॅनाइट, किल्लारीला ३३८ मीटरवरच बसाल्ट संपला, नागपूरच्या आसपास तो थांबतोच.

हे थर मी रोज बघतो. विहीर खणताना वर मुरूम लागतो, मग काळा फत्तर, त्यात सुरुंगाशिवाय काम होत नाही, मग मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या भोकात पांढरे खडे भरलेला जरा मऊ दगड, तो लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग, गॅस वर येऊन अडकलेला. आणि कुठे कुठे त्याच्यावर गेरूसारखा तांबडा पट्टा. तो बघितला की मी थांबतोच. कारण तो म्हणजे एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत गेलेला वेळ, तेवढ्या वेळात दगडाची माती झाली, पाऊस पडला, आणि मग त्या मातीवर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली, विटेसारखी. हा पट्टा चिकणमातीसारखा असल्याने वरून मुरलेलं पाणी त्याच्यातून खाली जात नाही, आडवं बाहेर पडतं, म्हणून गडांवरचे आणि घाटातले बरेच झरे अशा पट्ट्यांच्या वरच असतात. आपल्या कितीतरी वाड्यावस्त्या अशाच झऱ्यांच्या भरवशावर वसल्यात.

पण नुसते थर साचले असते तर पठार झालं असतं, कडा नाही. कडा झाला कारण त्यानंतर लगेच, म्हणजे ६.३ कोटी वर्षांच्या सुमारास, पश्चिमेचा तुकडा फाटून निघाला. तो तुकडा म्हणजे आजची सेशेल्स बेटं, आणि मधे आलं ते अरबी समुद्राचं पाणी. फाटताना कड वर उचलली गेली आणि पलीकडचा भाग खाली खचला. याच्या खुणा अजून आहेत, घाटमाथ्यावर थर जवळजवळ आडवे असतात पण पनवेलपासून मुंबईकडे तेच थर समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात, आणि कोकणातली गरम पाण्याची कुंडं बघा, वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरचं तुरळ आणि राजवाडी, सगळी साधारण उत्तर-दक्षिण एका रांगेत, कारण खाली त्याच दिशेने भेगा आहेत आणि खोल गेलेलं पाणी तिथून तापून वर येतं. नंतर पावसाने कडा झिजवला, आज तो आहे तिथे मागे सरकलाय असं मानतात आणि पुढे कोकणची पट्टी उरली.

आणि नद्या! कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५-७० किलोमीटर, पण ती पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरीचं तेच. कारण कड उचलली गेली तेव्हा अख्खं पठार पूर्वेकडे कललं. कुठल्या गावाला कुठलं पाणी, कुठे पंढरपूर वसणार, कुठे पैठण, याचं निम्मं कारण त्या फाटण्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

तो हॉटस्पॉट जागेवर राहिला, प्लेट पुढे गेली. त्याने मागे डाग सोडले, लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस, आणि आता तो रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात, तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर पेटतो. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात आपल्याकडून मराठी माणसं उसाच्या मळ्यात मजुरीला गेली, त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. त्यांनी मळे साफ करताना जे काळे दगड वेचून ढीग लावले ते पण बसाल्टच, त्यांच्या गावाकडच्या दगडाचाच भाऊ, फक्त कितीतरी कोटी वर्षांनी धाकटा.

राहिला प्रश्न कळत का नाही हा. कळत नाही कारण आपण, आपलं घर, रस्ता, झाड सगळं एकाच तुकड्यावर एकत्र सरकतोय. कळतं ते कडेला, कारण कडा गुळगुळीत नसतात, अडकतात, शेकडो वर्षं ताण साठतो आणि मग एका मिनिटात सगळं सुटतं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ चा भूकंप झाला तेव्हा काठमांडूचं खोरं दीड-दोन मीटर दक्षिणेला सरकलं आणि जवळजवळ मीटरभर वर उचललं गेलं.

आणि कधी कधी मधे पण कळतं, हे मला फार लहानपणी समजलं. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र, लोक विसर्जनाहून येऊन झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी पाचवीत होतो. आमच्या घरी फक्त मांडणीवरची भांडी पडली आणि भिंतीला चीर गेली. साठेक किलोमीटरवर किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं संपली होती, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप ६.२ चा, पण फोकस, म्हणजे जमिनीखाली जिथून भूकंप सुटतो ती जागा, उथळ आणि घरं माळवदाची, मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडावर फूटभर माती, उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधलेली. तेच माणसांच्या अंगावर आलं. हिमालयापासून एवढं लांब असं का, तर उत्तरेला प्लेट अडलीये पण मागून रेटा चालूच आहे, तो रेटा प्लेटभर पसरतो आणि बसाल्टच्या खाली दडलेल्या जुन्या भेगा कुठेतरी जागच्या हलतात. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप झाला त्यात धरणाच्या पाण्याचा पण हात होता असं मानतात, पण पाण्याने फक्त निमित्त दिलं, ताण आधीच होता. तिथे म्हणूनच ३ किलोमीटर खोल बोअरहोल घेऊन अभ्यास चाललाय. कृपा करून "दख्खन सेफ आहे" असं कुणी सांगितलं तर विसंबू नका, घर बांधताना इंजिनिअरला भूकंपाच्या पट्ट्या, म्हणजे भिंती एकत्र बांधून ठेवणारे काँक्रीटचे आडवे पट्टे, टाकायला सांगाच.

तुम्ही लिहिलंय की दर महिन्याला ट्रेकला जाता. पुढच्या वेळी राजगड किंवा हरिश्चंद्रगडाला जाल तेव्हा समोरच्या डोंगराकडे बघून पायऱ्या मोजा, उभा कडा म्हणजे फत्तर, गवताचा उतार म्हणजे मांजऱ्या, प्रत्येक पायरी एक लाव्हा. आणि वाटेत तांबडा पट्टा दिसला तर नखाने थोडा खरवडून बघा, हाताला रंग लागतो.