ध्यानात तर्री-पोहे आठवतात, त्याचं काय करायचं?

भाऊ, पहाटे अनुलोम-विलोम करून नामाला बसलं की चौकातले तर्री-पोहे, कापसाचा भाव आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा आठवतो, या इच्छा मारायच्या कशा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत रोखठोक: मारू नका. उपाशी माणसाचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही, हे गीतेनं दुसऱ्याच अध्यायात (2.59) सांगून टाकलंय. एकादशीला आपल्या घरी साबुदाण्याच्या उसळीचं केवढं पातेलं चुलीवर चढतं, आठवा!

योगसूत्रांत पतंजलींनी तप, स्वाध्याय यांच्या जोडीला ईश्वरप्रणिधान, म्हणजे सगळं देवाला वाहणं, ठेवलं (2.1). ते रोजच्या ताटात कसं उतरवायचं, हे मात्र भक्तांकडून शिकावं. नारदभक्तिसूत्रांतलं 65 वं सूत्र काम, क्रोध, अभिमान टाका म्हणतच नाही; ते देवाच्याच ठायी करा म्हणतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनी (1881–1915) हे टोकाला नेलं. तान्हेपणीच दृष्टी गेलेले महाराज कृष्णाला पती मानून मंगळसूत्र घालत. तेवढं आपल्याच्यानं व्हायचं नाही, अन् गरजही नाही.

आपण रोडग्यांपासून, म्हणजे भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांपासून, सुरुवात करू. गोवऱ्यांच्या आरात रोडगे तडकायला लागतात, बाजूला वांग्याची भाजी रटरटते, अन् नैवेद्य दाखवेस्तोवर मीठसुद्धा चाखायचं नाही. तोंडाला पाणी तर सुटलेलंच असतं. नेमका तो वेळ पकडा. भूक दाबू नका, नजरही दुसरीकडे वळवू नका. ओढ जिभेवर आहे की पोटात, ते बघा आणि त्याच ओढीसकट नाम घ्या: 'आधी तुला.' मग पोटभर जेवा. घरी रोज पहिल्या घासाआधी दोन-चार श्वास एवढंच केलं तरी पुरे. बैठकीत तर्री आठवली की तिलाही हेच करायचं, हाकलायचं नाही. रागाचंही तसंच. भांडायचं तर विठोबाशी भांडा. आपल्या संतांनी त्याला काय कमी बोल लावलेत?

कापसाचा भाव यात बसत नाही. ती इच्छा नसून हिशोब आहे. बसण्याआधी वहीत मांडून मोकळे व्हा.

खर्रा तुम्ही शेवटी हळूच लिहिलाय. तो देवाला वाहा, सुटेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पण ती तंबाखूची लत आहे. जप चालू ठेवा, पण तंबाखू सोडवणाऱ्या डॉक्टरलाही दाखवा. 1800-11-2356 ही त्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.