नवऱ्याचं कर्ज, बायकोचा पगार: बँकेला काय द्यावं, काय देऊ नये

ताई, तुमचा प्रश्न असा: नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकलेत, हप्ता 14,200 आहे, तो कमी करून घ्यायचाय. कर्जाच्या कागदांवर तुमची सही नाही, तरी बँक तुमची पगारपत्रकं मागतेय. द्यावीत का?

पगारपत्रकं द्या, सही देऊ नका. मी बारा वर्षं वसुलीचं काम केलंय. घरात महिन्याला किती शिल्लक राहते हे कळल्याशिवाय हप्ता कमी करण्याचा निर्णय कुणी घेत नाही, त्यामुळे तुमचा पगार विचारणं गैर नाही. पण त्याच गठ्ठ्यात कधी कधी सहकर्जदाराचा किंवा जामीनदाराचा कागद असतो. एका बाईंनी साक्षीदार म्हणून समजून सही केली आणि दोन वर्षांनी नोटीस त्यांच्याच नावाने आली. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. प्रत्येक पान वाचा.

आता हिशोब. तुम्ही लिहिलंय, त्यांच्या हातात 28,000 येतात, तुमच्या 34,000, घरखर्च 38,000. बँक 62,000 मधून 38,000 वजा करून म्हणेल, 24,000 उरतात, मग पूर्ण हप्ता का नाही? तुम्ही मिळकतीच्या प्रमाणात मांडा. घरखर्चातला त्यांचा वाटा साधारण 17,200, म्हणजे त्यांच्याकडे 10,800 उरतात. त्यातून सासूबाईंच्या औषधपाण्याची अडचण आली तर म्हणून थोडे बाजूला ठेवून 9,000 चा प्रस्ताव द्या. तुमच्या स्कूटरचा 4,100 चा हप्ताही लिहा, लोक नेमका तोच विसरतात. पगार लपवू मात्र नका. खातं उतारा मागितला की दिसतोच, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

(मायक्रोफायनान्सचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना तारणाशिवाय दिलेलं छोटं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. तिथे 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून कुटुंबाचं उत्पन्न धरतात, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते त्याच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत.)

आपल्या गोव्यात आणखी एक गुंता आहे, जो बाहेरून आलेल्या मॅनेजरला बरेचदा माहीत नसतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून आयकर कायद्यानुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, धंद्याचा नफा, व्याज, दोघांच्या विवरणपत्रात निम्मं निम्मं दाखवतात. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर. तुमच्या मागच्या खोलीचं भाडं 8,000 येतं, तर तुमच्या विवरणपत्रात त्यातले 4,000 दिसणार. ते बँकेने दोनदा धरलेलं मी पाहिलंय: एकदा नवऱ्याकडे पूर्ण, एकदा बायकोकडे अर्धं. सोबत एक ओळीचं स्पष्टीकरण जोडा.

पगार कराच्या कागदावर वेगळा असला तरी त्यातून झालेली बचत सामाईकच असते, हे ध्यानात असू द्या. कर्जाचा पैसा घरासाठी वापरला गेला की नवऱ्याने स्वतःपुरता, यावरही वाद होऊ शकतो. घर दुरुस्तीला वापरला असेल तर पावत्या काढून ठेवा आणि बँकेत जाण्याआधी वकिलाला दाखवा. घर तारण ठेवायचा विषय निघाला तर तुमची सही लागेलच. तिथे घाई अजिबात करू नका.

पैसे भरायला लागण्याआधी नवा हप्ता, मुदत आणि व्याज बँकेकडून लेखी घ्या. काउंटरवरचं तोंडी ‘हो’ शाखाधिकारी बदलला की राहत नाही. कागदात ‘तडजोड’ असं लिहिलंय की ‘फेररचना’ (म्हणजे हप्ता आणि मुदत बदलून कर्ज पूर्ण फेडणं), तेही बघा. तडजोडीत थोडी रक्कम सोडतात, पण सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, खातं ‘सेटल्ड’ म्हणून राहतं आणि पुढच्या कर्जाला अडतं. वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करत असतील तर तारीख-वेळ टिपून ठेवा, तसं करायची त्यांना परवानगी नाही.