मदत मागितली तर शेरा बसेल का?

‘साहेबांना सांगितलं तर माझ्याच नावावर शेरा बसेल.’ शिक्षकांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: ‘त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.’ कणकवलीत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत शिक्षक बरेच. येतात ते ॲसिडिटी, झोप नाही, घरी चिडचिड असं सांगत. देवगड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेतले सरही तसेच आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

सर मूळचे मराठवाड्यातले. शाळा द्विशिक्षकी, पट विशीच्या आत. वाडीतली तरणी माणसं मुंबईला, त्यांच्यामागून मुलंही, त्यामुळे कोकणात असा पट नवलाचा राहिलेला नाही. सरांकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत. आसपासच्या दहाएक शाळांचं मिळून एक केंद्र. त्यातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, जवळ आली की पोटात आग पडायची, आणि केंद्रप्रमुखांची भेट ठरली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

बोलता बोलता कारण निघालं. तिसरीतल्या एका मुलीला वाचता येत नव्हतं, पाठांतर मात्र दांडगं. सरांनी भेटीपुरता एक पाठ तिच्याकडून घोकून घेतला होता. ती पुस्तक समोर धरून खणखणीत म्हणून दाखवायची.

‘‘बोट तिसऱ्या ओळीवर असतं मॅडम, अन् तोंड पाचव्या ओळीवर,’’ सर म्हणाले. ते बोट कुणाच्या तरी नजरेला पडणार, ही धास्ती. त्यात २०२१पासून निपुण भारत अभियान. तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट. म्हणजे नेमकी सरांचीच इयत्ता.

तुमची भीती उगाच आहे, असं मी त्यांना म्हटलं नाही, कारण ती उगाच नाही. तपासणारा आणि हात देणारा माणूस एकच असेल, तर शिक्षक त्याच्यापुढे दुखणं काढणार कसं? केंद्रप्रमुखाचं पद दहाएक शाळांना शैक्षणिक आधार मिळावा म्हणून आहे. पण अनेक ठिकाणी पदं रिकामी, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार, आणि भेटीचा अर्धा वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो. हे लपवून कुणाला धीर देता येत नाही.

मग कागद पुढे घेतला. सरांच्या डोक्यात ‘वरचे’ म्हणजे सगळे एकच होते. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकारी, ती प्रशासनाची बाजू. दुसऱ्या बाजूला जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर या संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिल्या. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि वर्गातल्या अडचणींवर मार्गदर्शन, हे त्यांचं काम. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद त्यांच्या वर. तालुक्याला गट साधन केंद्र, तिथे शिक्षकांना विषयात मदत करणाऱ्या विषय साधनव्यक्ती आणि समावेशित शिक्षणाचे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे, विशेष शिक्षक.

‘‘यातलं तुमचा गोपनीय अहवाल कोण लिहितं?’’ मी विचारलं. सरांनी कागदावर बोट फिरवलं. साधनव्यक्ती आणि विशेष शिक्षक यांच्यावरून ते न थांबता पुढे गेलं.

त्यांना वाटलं होतं मी दीर्घ श्वास घ्यायला सांगेन. तेही सांगितलं. पण खरा वेळ गेला मदत मागायच्या एका चिठ्ठीवर. पहिला मसुदा त्यांनी असा आणला: ‘माझ्या वर्गातील काही विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक नाही, तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे.’ असल्या पत्राला उत्तर म्हणून एखादं परिपत्रक येतं, दुसरं काही नाही. मी म्हटलं, सर, यात मुलगी कुठाय?

दुसरा मसुदा माझ्यासमोर बसून लिहिला. मुलीला सुटी अक्षरं ओळखता येतात, ‘कमळ’, ‘बदक’ वाचते, पण काना-वेलांटी लागली की शब्द अंदाजाने म्हणते. अक्षरकार्डं आणि चित्रांच्या गोष्टी करून झाल्या. घरी मालवणी बोलतात, गोष्ट मालवणीत सांगितली तर तिला ती पूर्ण कळते. आणि शेवटी प्रश्न: चौथीचा वर्ग सांभाळून रोज अर्धा तास तिला कसा द्यायचा, आणि त्या अर्ध्या तासात काय घ्यायचं?

‘माझं चुकलं’ हे वाक्य त्यांनी मध्येच घातलं होतं. ते मी खोडायला लावलं. तिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

शिक्षण परिषदेत सरांनी ते उभं राहून वाचलं. शेरा बसला नाही. शेजारच्या शाळेतल्या एक अनुभवी बाई म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे तर असे दोघे आहेत.’’ चौथीला गटात स्वाध्याय लावून तिसरीकडे कसं वळायचं, हे त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक नंतर शाळेत आले. अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारायची घाई त्यांनी केली नाही, हे मला फार आवडलं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, म्हणाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्याकडून ते झालं. दोन्ही ठीक निघालं. मग मुलीने मालवणीत सांगितलेली दोन-तीन वाक्यं सरांनी फळ्यावर लिहायची आणि तिने तीच वाचायची, असं सुरू झालं. स्वतःचंच वाक्य असल्याने अंदाज बरोबर ठरतो आणि नजर अक्षरावर टिकते.

ती आता काना-वेलांटीचे शब्द वाचते. जोडाक्षरं अजून अडतात. सरांची झोप बरीच सुधारली, ॲसिडिटी भेटीच्या आदल्या रात्री अजून डोकावते.

अर्ध्या तासाचं वेळापत्रक बसवून द्या, असं डाएटच्या अधिव्याख्यात्यांना त्यांनी वेगळं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलेलं नाही. सरांनी स्मरणपत्र धाडलंय, आणि या वेळी मसुदा दाखवायला माझ्याकडे आणला नाही.