गाजलेल्या पॉप आणि रॉक अल्बमांविषयीच्या कोणत्या रंजक गोष्टी फारशा कुणाला ठाऊक नसतात?

तुम्ही प्रश्नाच्या खुलाशात दोन गोष्टी स्वतःच दिल्या आहेत: बीटल्सच्या 'ॲबी रोड'च्या मुखपृष्ठावरचा अनवाणी पॉल मॅकार्टनी, आणि पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम 'द विझर्ड ऑफ ऑझ' या जुन्या चित्रपटासोबत वाजवला तर त्याच्याशी जुळतो ही वदंता. त्यांच्याकडे शेवटी येतो. किती प्रती खपल्या, किती पुरस्कार मिळाले ही माहिती मी मुद्दाम टाळणार आहे, कारण ती कुठेही सापडते आणि ती वाचून अल्बम पुन्हा ऐकावासा वाटत नाही. जी गोष्ट समजल्यावर ध्वनिमुद्रणात प्रत्यक्ष ऐकू येऊ लागते, तेवढीच मी लक्षात ठेवतो. गंमत अशी की, या कसोटीला उतरलेल्या बहुतेक गोष्टी म्हणजे कुणाच्या तरी हातून झालेल्या चुका किंवा कापून उरलेले तुकडे निघाले.

माझे सर्वांत आवडते उदाहरण 'ॲबी रोड'चेच आहे. बीटल्सच्या १९६९ च्या या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर छोट्या छोट्या गाण्यांची एक सलग मालिका आहे. त्या मालिकेत 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथीन पॅम' यांच्या मध्ये आधी मॅकार्टनीने एकट्याने गिटारवर गायलेले 'हर मॅजेस्टी' हे २३ सेकंदांचे गाणे होते. कच्ची जुळणी ऐकल्यावर ते तिथे शोभत नाही असे त्याचे मत झाले आणि त्याने ते काढून टाकायला सांगितले. जॉन कर्लँडर या तरुण टेप ऑपरेटरने ते कापले खरे. पण बीटल्सचे काहीही फेकायचे नाही अशी त्याला ताकीद असल्यामुळे खाली पडलेला तो तुकडा त्याने उचलला आणि मध्ये थोडी कोरी फीत घालून रिळाच्या अगदी शेवटी चिकटवून ठेवला. पुढे नमुन्याची तबकडी कापणाऱ्याने रिळावर होते ते सगळे तबकडीवर उतरवले, आणि हा अपघात मॅकार्टनीला इतका आवडला की तो तसाच राहिला. म्हणूनच 'दि एन्ड' नावाचे गाणे संपल्यावर सुमारे १४ सेकंद शांतता पसरते आणि मग हा तुकडा अवचित वाजतो. पहिल्या प्रतींच्या वेष्टनावर तर त्याचे नावही छापलेले नव्हते.

आता हे कानांनी तपासा. 'हर मॅजेस्टी' सुरू होताना जो दणका बसतो तो त्या गाण्याचा नाहीच, तो 'मीन मिस्टर मस्टर्ड'चा शेवटचा आघात आहे. उलट, गाणे संपताना गिटारचा जो शेवटचा स्वर आपला कान अपेक्षितो तो येतच नाही, कारण तो कात्रीच्या पलीकडे 'पॉलिथीन पॅम'च्या सुरुवातीखाली गाडला गेला. एवढे समजल्यावर त्या २३ सेकंदांत मला गाण्याआधी कात्रीच ऐकू येते.

त्याच चौघांच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर्स'च्या शेवटी अनेक पियानोंवर एकाच वेळी वाजवलेला जो स्वरसमूह आहे, तो चाळीसहून अधिक सेकंद टिकतो, कारण नाद जसजसा विरत गेला तसतसा ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने आवाज चढवत नेला. अखेरीस तो इतका चढला की खोलीतली कुजबुजही टिपली जावी अशी अवस्था आली. हेडफोन लावून शेवटची काही सेकंदे नीट ऐकलीत, तर खुर्चीची करकर स्पष्ट ऐकू येते.

अमेरिकन गायक मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या १९७१ च्या अल्बमचे शीर्षकगीत तर अशा अपघातांची खाणच आहे. सुरुवातीला येणारी सॅक्सोफोनची ती सुप्रसिद्ध लकेर ईलाय फाँटेनने हात मोकळा करण्यासाठी सहज वाजवली होती. गेने तेवढ्यावरच त्याला काम झाल्याचे सांगून टाकले. गेने मुख्य गायन दोनदा ध्वनिमुद्रित केले होते, ते दोन्हींपैकी एक निवडता यावे म्हणून. ती तुलना करण्यासाठी ऐकवताना तंत्रज्ञाकडून चुकून दोन्ही एकदम वाजले, आणि मार्व्हिनला स्वतःचाच स्वतःशी चाललेला तो संवाद इतका भावला की पुढे दुहेरी गायन ही त्याची ओळखच ठरली. आरंभी एकमेकांची विचारपूस करणारे जे आवाज ऐकू येतात त्यांत डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मेल फार आणि लेम बार्नी हे दोन खेळाडू आहेत. गेच्या ध्वनिमुद्रण कंपनीचा, मोटाउनचा, मालक बेरी गॉर्डी याला हे गाणे मुळीच पसंत नव्हते, याची आठवण ठेवून ऐकले की त्यातली बेफिकिरी आणखी गोड वाटते.

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधील 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रचनेत शब्द नाहीत, केवळ एका स्त्रीचा आर्त आलाप आहे. तो क्लेअर टॉरीचा. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला बोलावून घेतले गेले, काय गायचे हे नेमके कुणालाच सांगता येत नव्हते, तेव्हा आपण गायिका नसून एखादे वाद्य आहोत असे समजून ती गायली. दोनतीन वेळा गाऊन, ३० पौंड घेऊन ती परतली. पुढे २००४ मध्ये तिने रचनेतल्या वाट्यासाठी दावा लावला आणि २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली; तेव्हापासून पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटच्या जोडीने सहरचनाकार म्हणून तिचे नाव छापले जाते. माझ्या मते ते पहिल्याच दिवसापासून छापायला हवे होते. याच अल्बमच्या शेवटी, हृदयाच्या ठोक्यांवर, चंद्राला खरे तर काळी बाजू अशी नाहीच, तो सगळाच काळा आहे, असे सांगणारा आवाज स्टुडिओच्या दरवानाचा, जेरी ओ'ड्रिस्कॉलचा आहे. काही प्रश्न कार्डांवर लिहून स्टुडिओतल्या माणसांची उत्तरे मुद्रित केली गेली होती. खुद्द मॅकार्टनीचीही उत्तरे घेतली होती, पण ती वगळली आणि दरवानाची ठेवली.

फ्लीटवुड मॅकचा १९७७ चा 'रूमर्स' हा ध्वनिमुद्रण चालू असताना दोन जोडप्यांची ताटातूट झालेल्या वाद्यवृंदाचा अल्बम म्हणून सगळ्यांना माहीत असतो. त्याची फीत झिजली होती हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. महिनोन्महिने तीच रिळे पुन्हा पुन्हा वाजवून त्यांवर नवी गायने आणि गिटारी चढवल्यामुळे ड्रमची धार बोथट झाल्याचे ध्वनिमुद्रकांच्या लक्षात आले, कारण यंत्रावरून प्रत्येक फेरीला फीत घासली जाते आणि सर्वांत आधी वरच्या पट्टीतले बारीक नाद जातात. सुदैवाने मूळ वादनाची दुसरी, न वापरलेली प्रत होती. परंतु दोन यंत्रे आपोआप एका गतीने चालवण्याची सोय नव्हती; म्हणून एका कानात जुनी फीत, दुसऱ्या कानात नवी, आणि बोटांनी गती कमीअधिक करत, निव्वळ कानाच्या भरवशावर दोन्हींचे ठोके जुळवून चढवलेले भाग ताज्या प्रतीवर उतरवले गेले. त्या अल्बममधला ड्रमचा टवटवीतपणा अशा रीतीने वाचलेला आहे.

याच अल्बममधून वाद्यवृंदातली गायिका स्टीव्ही निक्स हिचे 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणे लांबीमुळे गळले. एलपीच्या एका बाजूवर जितकी मिनिटे वाढवावीत तितक्या रेघा अरुंद कापाव्या लागतात, आणि त्याबरोबर आवाजाचा जोर व खर्ज कमी होतो. ताटातूट झालेल्या जोडप्यांपैकी एक म्हणजे निक्स आणि वाद्यवृंदातलाच लिंडसी बकिंगहॅम; त्याने तिच्याबरोबरच्या दुराव्यावर लिहिलेले 'गो युअर ओन वे' एकल तबकडी म्हणून निघाले आणि निक्सचे वगळलेले गाणे, म्हणजे तिची बाजू, त्याच तबकडीच्या पाठीवर गेले. दोघांचे भांडण असे एकाच तबकडीच्या दोन अंगांवर छापले गेले आहे.

मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'लाही हाच नियम नडला. दोन्ही बाजू इतक्या लांबल्या होत्या की पहिली नमुना तबकडी दुबळी वाजली आणि काही गाण्यांना कात्री लावून मिश्रण नव्याने करावे लागले. निर्माता क्विन्सी जोन्सला 'बिली जीन'ची लांबलचक सुरुवातही छाटायची होती, पण तीच ऐकून आपल्याला नाचावेसे वाटते असे जॅक्सनने सांगितल्यावर ती वाचली. 'ह्यूमन नेचर' तर एका कॅसेटवर उरलेला मजकूर होता: टोटो या वाद्यवृंदातल्या एकाची गाणी जोन्स ऐकत होता, फीत पुढे चालूच राहिली आणि त्याच वाद्यवृंदातल्या स्टीव्ह पोर्कारोचा कच्चा नमुना वाजू लागला.

कॅसेटवरून आठवले, ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' म्हणजे घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेला निव्वळ नमुनाच आहे. वाद्यवृंदासह ती गाणी पुन्हा मुद्रित करून पाहिली, पण मूळची उदासी त्यांत उतरली नाही, तेव्हा ज्या कॅसेटला डबीही नव्हती आणि जी तो खिशात घेऊन फिरत होता, तीच अल्बमसाठी वापरली गेली. निर्वाणा या रॉक वाद्यवृंदाच्या 'नेव्हरमाइंड'च्या पहिल्या खेपेत, शेवटी दहाएक मिनिटांच्या शांततेनंतर येणारे लपवलेले गाणे चुकून राहूनच गेले. आणि पॉपच्या बाहेरचे, जॅझमधले एक: माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू ज्या यंत्रावर मुद्रित झाली ते किंचित हळू चालत होते, त्यामुळे नेहमीच्या यंत्रावर ती थोडी चढ्या स्वरात वाजे. ती १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली, म्हणजे त्याआधीच्या सर्व प्रतींत ती तीन गाणी चढीच आहेत.

आता तुमच्या दोन गोष्टी. चित्रपटाशी जुळणीचा हेतू पिंक फ्लॉइडच्या सदस्यांनी आणि ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सनेही नाकारलेला आहे. अनवाणी मॅकार्टनीवरून तो वारल्याची अफवा पसरली होती. पण ८ ऑगस्ट १९६९ रोजी छायाचित्रकार इयान मॅकमिलनने शिडीवर उभे राहून मुखपृष्ठावर दिसणाऱ्या झेब्रा क्रॉसिंगवर एकूण सहा छायाचित्रे काढली, आणि त्यांतल्या पहिल्या दोनांत मॅकार्टनीच्या पायांत चपला आहेत.