आधी इलेक्ट्रॉन मोज, मग पेन्सिल उचल

फोंड्यात अकरावीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला एकच घाई दिसते: लुईस रचना (रेणूतले बंध रेघांनी आणि इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी आकृती) काढताना अणू लिहिला की लगेच रेघा. तू तसं करू नकोस. आधी कोपऱ्यात संयुजा इलेक्ट्रॉनांची, म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांची, बेरीज लिही.

कार्बन डायऑक्साइड घे. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६, एकूण १६. कार्बन मध्ये ठेव, दोन्ही बाजूंना एकेक रेघ ओढ. एका रेघेत दोन, म्हणून ४ इलेक्ट्रॉन संपले. उरलेले १२ ऑक्सिजनभोवती सहा-सहा वाट. ऑक्सिजनचं अष्टक (भोवती आठ इलेक्ट्रॉन) झालं, पण कार्बनकडे चारच. बेरीज तर संपली, नवे ठिपके आणायचे कुठून? कुठूनच नाही. प्रत्येक ऑक्सिजनची एक जोडी मधे सरकव, दोन दुहेरी बंध तयार. हे सरकवणं एकदा स्वतःच्या हाताने करून बघ, फार सुंदर आहे ते.

एका अणूचे ठिपके, दुसऱ्याच्या फुल्या काढ, म्हणजे कोणी काय दिलं ते दिसतं. खरे इलेक्ट्रॉन मात्र सगळे सारखेच असतात, हेही ध्यानात ठेव.

अमोनियातल्या नायट्रोजनवरची लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) सोडू नकोस. ती गाळलीस तर अमोनिया प्रोटॉन कसा घेतो हे पुढे समजणारच नाही.

हायड्रोजनला दोनच पुरतात. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच दिसले तर घाबरून जास्तीचे ठिपके भरू नकोस, तिथे सहाच बरोबर.