पोत्यावरची पानं

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. दादा, एमटेकला कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवायचा विषय, घेऊ का, गणित कच्चं आहे तर जमेल का, असं विचारलंस. घे बिनधास्त. गणिताचं सांगतो, पण आधी माझी फजिती ऐक.

एमटेकला मी कपाशीवरचा लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, फोटोवरून ओळखायचा प्रोजेक्ट घेतला होता. दिवाळीत घरी आलो, वावरातून लाल पडलेली पानं तोडून आणली न अंगणात पोत्यावर मांडून आरामात फोटो काढले, चांगल्या पानांचे मात्र झाडावरच काढले, कारण बाबा म्हणे, चांगलं पान काहून तोडतं रे. त्या फोटोंवर मॉडेल, म्हणजे ओळखणारा प्रोग्राम, शिकवला; अ‍ॅक्युरसी, म्हणजे बरोबर उत्तरांची टक्केवारी, अशी झकास आली का मी रूमवर सगळ्यांना चहा पाजला. मग एक हिरवंगार पान पोत्यावर ठेवून फोटो टाकला, तर मॉडेल म्हणे लाल्या! त्यानं पान पाहिलंच नव्हतं बाप्पा, तागाचे धागे पाठ केले होते.

आणि हे माझ्यासारख्या पोट्ट्याचंच होतं असं नाही. प्लांटव्हिलेज नावाचा पिकांच्या पानांच्या फोटोंचा प्रसिद्ध डेटासेट, म्हणजे संग्रह, आहे, ५४,३०६ फोटो, बहुतेक एकेकटं पान साध्या पार्श्वभूमीवर. २०१६ च्या एका शोधनिबंधात त्याच्यावर अ‍ॅक्युरसी ९९.३५ टक्के आली, न बाहेरचे वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिले तर ३१ च्या आसपास. त्यात कपाशी नाहीच, सोयाबीन आहे पण फक्त निरोगी, संत्र्याचा रोग एकच. म्हणजे आपलं वावर त्यात जवळपास नाहीच म्हण ना.

आता गणित. लिनिअर अल्जेब्रा न प्रोबॅबिलिटी एवढं पक्कं कर, एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सवर फुकट आहे. पण व्हिडिओ बघून येत नाही ते. चौकटीच्या वहीत ५ बाय ५ चे आकडे मांड, डावीकडच्या दोन उभ्या रांगा १० च्या, उजवीकडच्या तीन २०० च्या, न उभी कड शोधणारा सोबेलचा ३ बाय ३ आकड्यांचा फिल्टर त्यावर हातानं फिरव, म्हणजे जागोजागी ठेवून गुणाकारांची बेरीज कर. कडेवर ७६० येतं, सपाट जागी ०. ते एकदा स्वतःच्या पेननं आलं ना, की कन्व्होल्यूशनची, म्हणजे या फिल्टर फिरवण्याचीच, भीती गेली समज. डीप लर्निंग, म्हणजे असे फिल्टर कॉम्प्युटरनं स्वतःच शिकणं, ते नंतर, घाई करू नको.

गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर ३ वर्षं चालतो, २०२४ पासून डेटा सायन्स न एआयचा वेगळा पेपरही आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीची स्वतःची परीक्षा असते, तिथलं सीव्हीआयटी याच विषयाचं सेंटर आहे, तेही बघ. गेटवरून एमटेकला महिन्याला १२,४०० स्टायपेंड मिळतो, त्यातून घरी पाठवायला काही उरत नाही, हे आईबाबांना आत्ताच सांगून ठेव. कॉलेजच्या नावापेक्षा गाइड बघ, त्याचे मागच्या दोनतीन वर्षांतले शोधनिबंध वाच न त्याच्या जुन्या पोरांना फोन कर, खरं तेच सांगतात. जीपीयू, म्हणजे मॉडेल भराभर शिकवणारी चिप, नाही म्हणून रडू नको, सुरुवातीला गूगलचं ऑनलाइन कोलॅब पुरतं.

तोवर एक काम कर. तुमच्या वावरातले फोटो काढायला लाग, सकाळचे, भर दुपारचे, ढगाळ दिवसाचे, फवारणीनंतर पानावर डाग पडलेलेही. एका झाडाचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेव, नाहीतर तेच झाड ट्रेनमध्येही, म्हणजे शिकवायच्या फोटोंत, जातं न टेस्टमध्येही, म्हणजे तपासायच्या फोटोंत; मग अ‍ॅक्युरसी फसवी येते. शनिवारी रात्री फोन करतो, तुमच्याकडे लाइट असली तर सोबतच बघू.

तुझा दादा